आठ कलांचा फरक : योहान्स केपलर आणि एका जोड-लघुग्रहाचं वजन

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात केपलरचे तीन नियम येतात. लंबवर्तुळ, नाभी, समान वेळात समान क्षेत्रफळ, आवर्तकालाचा वर्ग, अंतराचा घन. मुलं आकृती काढतात, नावं देतात, वही पूर्ण करतात आणि आपण न्यूटनकडे वळतो. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, त्यामुळे यात कुणाचा दोष नाही. पण हे नियम ज्याने काढले तो स्वतः शाळेत गणित शिकवणारा मास्तर होता आणि त्याचा वर्ग जवळजवळ ओस असायचा, हे कळलं तर मुलं त्या पानावर थोडी जास्त रेंगाळतील. आपणही रेंगाळू.

आजच्या लेखात केपलरची गोष्ट सांगायची आहे, पण एका दगडाला सोबत घेऊन. या दगडाचं नाव डिडिमॉस. ११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या किट पीक इथल्या दुर्बिणीतून तो सापडला. रुंदी साधारण पाऊण किलोमीटर. सूर्याभोवती फिरताना तो पृथ्वीच्या कक्षेजवळ येतो, म्हणून त्याची गणना पृथ्वीसमीप लघुग्रहांत होते. आणि तो एकटा नाही. त्याच्याभोवती सुमारे दीडशे मीटरचा आणखी एक दगड फिरतो, त्याला डायमॉर्फॉस म्हणतात. डिडिमॉस या ग्रीक शब्दाचा अर्थच जुळा. अशा जोडीला द्वैती किंवा जोड-लघुग्रह म्हणतात. या जोडीचं एकूण वस्तुमान सुमारे ५४ कोटी टन आहे. वर्गात हा आकडा सांगितला की कुणीतरी हमखास विचारणार, वजन केलं कुणी? प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या दुर्बिणीतूनही ही जोडी एकच ठिपका दिसते. तिथे तराजू घेऊन कोणी गेलेलं नाही. हा तराजू १६१८ साली बनला, आणि तो बनवणाऱ्याला लघुग्रह नावाची वस्तू असते हेही ठाऊक नव्हतं.

योहान्स केपलरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ चा. गाव वाईल डेर श्टाट, आजच्या जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात. आजोबा कधीकाळी गावचे महापौर होते, पण योहान्सच्या जन्मापर्यंत घराची रया गेली होती. वडील भाडोत्री सैनिक. पैसे मिळतील त्याच्या बाजूने लढायला जायचे, मध्येच परत यायचे, आणि मुलगा सतराच्या आसपास असताना गेले ते कायमचेच. आई काथारीना एका खानावळवाल्याची मुलगी. औषधी पाल्याची तिला चांगली जाण होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती घात करणार आहे.

मूल अपुऱ्या दिवसांचं, किरकोळ अंगाचं. लहानपणी देवी आल्या, त्यातून जीव वाचला पण नजर कायमची अधू झाली आणि हातही नीट चालेनात. म्हणजे ज्याने पुढे ग्रहांच्या वाटा शोधल्या त्याला आकाश धड दिसतच नव्हतं. १५७७ साली मोठा धूमकेतू आला तेव्हा आईने या पोराला उंचावर नेऊन तो दाखवला. आईची एवढी एक आठवण त्याने आयुष्यभर जपली.

त्या काळी त्या संस्थानात हुशार गरीब मुलांना शिष्यवृत्ती देऊन धर्मोपदेशक बनवायची पद्धत होती. केपलर त्या वाटेने माउलब्रॉनच्या मठशाळेतून १५८९ मध्ये ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोचला. तिथे त्याला मायकेल मेस्टलिन हे शिक्षक भेटले. वर्गात ते रीतसर टॉलेमीची पृथ्वीकेंद्री मांडणी शिकवायचे, पण ज्या विद्यार्थ्यांत धग दिसेल त्यांना कोपर्निकसही समजावून द्यायचे. पृथ्वी फिरते आणि सूर्य मध्यभागी आहे, हे केपलरला तिथेच पटलं. पाठ्यपुस्तकापलीकडचं थोडंसं, योग्य मुलाला, योग्य वेळी. मेस्टलिन यांचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही, पण आपल्या व्यवसायातल्या लोकांना तरी ते माहीत असावं असं मला वाटतं.

१५९४ मध्ये धर्मशिक्षण पुरं व्हायच्या आधीच ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या शाळेने गणिताचा शिक्षक मागितला. विद्यापीठाने केपलरला पाठवलं. वय वर्षं बावीस. पहिल्या वर्षी त्याच्या वर्गाला मोजकीच मुलं आली, दुसऱ्या वर्षी एकही नाही. बोलायचा भरभर, एक सांगताना दुसरंच आठवायचं, मग तिकडे वळायचा. नशीब म्हणजे शाळेच्या तपासनिसांनी समजूतदारपणा दाखवला. गणित सगळ्यांना झेपत नाही, यात शिक्षकाचा दोष नाही, असा शेरा देऊन त्यांनी त्याला भाषेचे आणि वक्तृत्वाचे तास लावून दिले! पंचांग बनवणं हाही नोकरीचाच भाग होता. पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी वर्तवली. दोन्ही खरं ठरलं. गावात त्याचा मान वाढला तो या भविष्यामुळे.

जुलै १५९५ मध्ये फळ्यावर गुरू आणि शनी यांच्या युतीची आकृती काढताना त्याला अचानक एक कल्पना सुचली. एका वर्तुळात त्रिकोण, त्रिकोणाच्या आत पुन्हा वर्तुळ. ग्रहांच्या कक्षांमधली अंतरं अशीच भूमितीने ठरलेली असतील का? घन आकृत्या पाचच नियमित, ग्रह तेव्हा सहाच माहीत, म्हणजे मधल्या जागा पाच. जमलं की! १५९६ च्या पहिल्या पुस्तकात त्याने हेच मांडलं. ही कल्पना साफ चुकीची होती. पण तिच्यामागचा प्रश्न नवा होता. ग्रह कुठे दिसतील एवढं सांगून थांबायचं नाही, ते तिथेच का असतात हेही विचारायचं. जाता जाता एक गंमत. आकृत्या बसवण्याच्या खटपटीत त्याने मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक न दिसणारा ग्रह घालूनही पाहिला होता, कारण तिथली जागा त्याला खटकत होती. १८०१ मध्ये त्याच जागेत सिरीस सापडला, आणि आज आपण तिला लघुग्रहांचा पट्टा म्हणतो.

ग्राझमध्ये धार्मिक छळ सुरू झाला आणि प्रॉटेस्टंट शिक्षकांना गाव सोडायचा हुकूम निघाला. दरम्यान लग्न झालं होतं, पहिली दोन मुलं तान्ही असतानाच गेली होती. केपलर नव्या आधाराच्या शोधात निघाला आणि ४ फेब्रुवारी १६०० रोजी प्रागजवळच्या बेनाटकी किल्ल्यात टायको ब्राहे यांना भेटला. टायको डेन्मार्कचे सरदार. दुर्बीण निघायच्या आधीच्या त्या काळात, निव्वळ डोळा आणि प्रचंड मोठे कोनमापक यांच्या जोरावर त्यांनी वीसेक वर्षं ग्रहांच्या जागा नोंदल्या होत्या. इतक्या अचूक नोंदी जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. दोघांचं फारसं जमलं नाही. टायको आपल्या वह्या हातात द्यायचे नाहीत, जेवताना एखादा आकडा बोलून दाखवायचे. केपलर तापट, भांडून निघून जायचा आणि पुन्हा यायचा. पण टायकोंनी त्याला मंगळाचं काम दिलं, आणि तेच निर्णायक ठरलं. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको वारले. त्यांच्या वारसांनी हालचाल करायच्या आत केपलरने वह्या ताब्यात घेतल्या. हे काही फार सरळ वागणं नव्हतं, पण वह्या वाचल्या त्या यामुळेच. सम्राट रुडॉल्फने त्याला राजगणिती नेमलं. पगार कागदावर चांगला, हातात मात्र क्वचितच पडायचा.

मंगळाचं कोडं आठ दिवसांत सोडवतो अशी पैज त्याने मारली होती. लागली जवळजवळ पाच वर्षं.

आता इथे थोडं थांबूया, कारण खरी गोष्ट इथेच आहे. केपलरने आधी सर्वमान्य रीतीने वर्तुळाकार कक्षा धरली, सूर्य केंद्रापासून थोडा बाजूला ठेवला आणि आकडे जुळवत बसला. एका मांडणीसाठी त्याने सत्तर वेळा गणित फिरवलं. तेव्हा लॉगॅरिथम नव्हते, सगळे गुणाकार हाताने. शेवटी ती मांडणी टायकोंच्या बहुतेक नोंदींशी छान जुळली. दुसरा कुणी असता तर तिथेच पुस्तक छापून मोकळा झाला असता. केपलरने आणखी दोन-चार नोंदी काढून तपासणी केली, आणि आठ कलांचा फरक निघाला.

आठ कला म्हणजे किती? एक अंश म्हणजे ६० कला. आकाशात चंद्राची रुंदी सुमारे ३० कला, म्हणजे हा फरक पाव चंद्राएवढा. वर्गात दाखवायचं तर मोजपट्टी डोळ्यापासून एक मीटरवर धरा. तिच्यावरचे साधारण सव्वादोन मिलिमीटर म्हणजे आठ कला. आधीच्या ज्योतिर्विदांच्या नोंदीच दहा कलांपर्यंत चुकायच्या, त्यामुळे त्यांच्या जमान्यात हा फरक दिसलाच नसता. पण टायकोंची नोंद एक-दोन कलांपलीकडे चुकत नाही, हे केपलरला पक्कं ठाऊक होतं. मग चूक आपल्या वर्तुळाची. त्याने सगळी मांडणी टाकून दिली आणि पुन्हा सुरुवात केली. वर्षांची मेहनत, घरात पैशाची चणचण, आणि फरक किती तर सव्वादोन मिलिमीटर.

पुढची युक्ती मला त्याच्या साऱ्या कामात सर्वांत सुंदर वाटते. मंगळ ६८७ दिवसांनी आपल्या कक्षेत पुन्हा त्याच जागी येतो. पृथ्वी मात्र तोवर दुसरीकडे असते. म्हणून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी निवडल्या की मंगळ रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखा स्थिर धरता येतो आणि त्याच्यावरून आपली पृथ्वी कुठे कुठे होती ते काढता येतं. मंगळ समजून घ्यायला त्याने आधी पायाखालची जमीन मोजली. त्यात त्याला दिसलं की सूर्याजवळ असताना पृथ्वी वेगात जाते, लांब असताना रेंगाळते, आणि सूर्यापासून ग्रहापर्यंत ओढलेली रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. पुस्तकातला दुसरा नियम खरं तर पहिल्याच्या आधी सापडला. मग अंडाकृती कक्षा घेऊन बघितली, तीही फसली. १६०५ च्या ईस्टरच्या सुमारास लंबवर्तुळ बसलं, सूर्य एका नाभीवर. हे सारं १६०९ साली पुस्तकरूपाने आलं. उशीर का झाला, तर टायकोंच्या वारसांनी छपाई अडवून धरली होती.

आपण फळ्यावर लंबवर्तुळ काढतो ते बटाट्यासारखं लांबट. त्यामुळे मुलांना वाटतं, एवढं साधं याला दिसायला पाच वर्षं का लागली? म्हणून एकदा खऱ्या मापाने काढून दाखवावं. मंगळाची कक्षा एक मीटर लांब काढली तर तिची रुंदी भरते ९९.६ सेंटिमीटर. फरक अवघा चार मिलिमीटर, खडूच्या रेघेइतका. सूर्य मात्र मध्यापासून पावणेपाच सेंटिमीटर सरकलेला. आता त्याच मापाने डिडिमॉसची कक्षा काढा. लांबी एक मीटर, रुंदी सुमारे ९२ सेंटिमीटर, आणि सूर्य मध्यापासून १९ सेंटिमीटर दूर. हे मात्र डोळ्यांना दिसतं. दोन टाचण्या आणि दोरा घेऊन जाड पुठ्ठ्यावर अर्ध्या मापात दोन्ही कक्षा काढून घ्या. मुलं या तासाला कंटाळत नाहीत.

डिडिमॉस सूर्यापासून कमीत कमी १.०१ खगोलीय एककावर येतो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्याच अंतरावर, आणि जास्तीत जास्त २.२७ एककांपर्यंत जातो, म्हणजे मंगळाच्याही बराच पलीकडे. जवळ असताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर, लांबच्या टोकाला साडेपंधरा. अंतर सव्वादोन पट, वेग सव्वादोन भाग. समान क्षेत्रफळाचा नियम याहून सोप्या आकड्यांत कुठे सापडणार! नोव्हेंबर २००३ मध्ये तो पृथ्वीपासून सुमारे ७२ लाख किलोमीटरवरून गेला. आकाशाच्या हिशेबात हे अंतर शेजारचंच, पण त्याच्यापासून आपल्याला नजीकच्या काळात धोका नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. घरी जाऊन ती भलतंच सांगतात.

१६११ हे वर्ष केपलरच्या घरावर कोसळलं. सहा वर्षांचा मुलगा फ्रीडरिश देवीच्या साथीत गेला. काही महिन्यांत पत्नी बार्बारा गेली. सम्राट रुडॉल्फला पदच्युत करण्यात आलं. याच वर्षी, गॅलिलिओने पाहिलेल्या गुरूच्या सोबत्यांविषयी लिहिताना, केपलरने त्यांना हुजऱ्या या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला. आजचा सॅटेलाइट हा शब्द त्यावरून आला. त्यानंतर तो लिंझला शाळामास्तर आणि जिल्हा गणिती म्हणून गेला. दुसरं लग्न केलं, तेही अकरा स्थळांची साधकबाधक तुलना करून. लग्नासाठी घेतलेल्या दारूच्या पिंपांचं माप व्यापारी एक काठी तिरकी घालून कसं घेतो, हे पाहून तो चक्रावला आणि घनफळ काढण्यावर एक अख्खं पुस्तक लिहून बसला. विचलित व्हायला त्याला कारण लागत नसे. विद्यार्थी पळाले त्यात नवल नाही.

फेब्रुवारी १६१८ मध्ये काथारीना ही लहान मुलगी वारली. हातात टायकोंच्या नोंदींवरून ग्रहकोष्टकं बनवायचं काम होतं, त्यात मन लागेना. म्हणून त्याने जुना, आवडीचा विषय उघडला, विश्वातल्या सुसंवादाचा. मार्चमध्ये एक नातं डोक्यात आलं, गणितातल्या चुकीमुळे त्याने ते टाकून दिलं, आणि १५ मे १६१८ रोजी ते पुन्हा समोर आलं, या वेळी बरोबर. ग्रहाच्या आवर्तकालाचा वर्ग त्याच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. मंगळ घ्या. काळ १.८८ वर्षं, वर्ग ३.५३. अंतर १.५२४ एकक, घन ३.५४. डिडिमॉस घ्या. सरासरी अंतर १.६४४ एकक, घन ४.४४, त्याचं वर्गमूळ २.११. त्याला सूर्याभोवती फिरायला लागतात ७७० दिवस, म्हणजे २.११ वर्षं. चारशे वर्षांपूर्वी सहा ग्रहांवरून काढलेला नियम या दगडालाही लागू पडला. हा शोध लागल्यावर अवघ्या आठ दिवसांनी प्रागमध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून फेकून देण्यात आलं आणि युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

केपलर एवढ्यावर थांबला नाही. पुढच्या पाठ्यपुस्तकवजा ग्रंथात त्याने दाखवलं की गुरूचे चार चंद्रही आपापसात हाच नियम पाळतात. सूर्याची मक्तेदारी संपली. कुणाभोवतीही कुणी फिरत असलं तरी वर्ग आणि घन यांचं नातं टिकतं, फक्त मधलं स्थिर प्रमाण बदलतं. ते का बदलतं, हे कोडं न्यूटनने १६८७ मध्ये सोडवलं. त्या प्रमाणात मध्यभागी असलेल्या वस्तूचं वस्तुमान दडलेलं असतं. म्हणजे एखाद्याभोवती काहीतरी फिरताना दिसलं, फेरीचा वेळ आणि अंतर कळलं, की तराजू तयार.

एकट्या लघुग्रहाचं वजन काढणं म्हणूनच अवघड, आणि जोडीचं सोपं. आता डिडिमॉसच्या बाबतीत योगायोग बघा. २००३ च्या त्या भेटीत त्याचा प्रकाश ठरावीक वेळाने किंचित मंदावतो, हे चेक प्रजासत्ताकातल्या ओंद्रेयोव वेधशाळेच्या पेट्र प्रावेत यांनी ओळखलं. छोटा दगड मोठ्यासमोरून किंवा मागून गेला की ठिपक्याचा उजेड कमी होतो. अमेरिकेतल्या गोल्डस्टोन आणि पोर्टो रिकोतल्या अरेसिबो इथल्या रडारने जोडी असल्याचं पक्कं केलं. ओंद्रेयोव प्रागपासून साधारण ३५ किलोमीटरवर आहे. केपलर मंगळाशी झुंजला तो याच परिसरात.

तर, फेरीचा वेळ ११ तास ५५ मिनिटं, दोघांच्या केंद्रांमधलं अंतर सुमारे १.१९ किलोमीटर. अकरावीच्या मुलांना हे गणित करायला द्या. अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात. अंतराचा घन घ्या, त्याला पायच्या वर्गाच्या चौपटीने गुणा. मग वेळेच्या वर्गाला गुरुत्व स्थिरांकाने गुणून त्याने भागा. उत्तर येतं सुमारे ५४,००० कोटी किलो, म्हणजेच ५४ कोटी टन. यातला जवळजवळ सगळा वाटा मोठ्या दगडाचा, धाकट्याचा एक टक्क्याच्या आसपास. रडारवरून आकार ठाऊक आहे, तेव्हा घनताही निघते, पाण्याच्या साधारण अडीच पट. या जातीच्या उल्का पृथ्वीवर सापडतात त्यांची घनता सव्वातीन ते साडेतीन पट असते. मग उरलेलं काय? पोकळी. म्हणजे डिडिमॉस हा अखंड खडक नसून गुरुत्वाने सैलसर धरलेला दगडगोट्यांचा ढीग असावा. तो स्वतःभोवती २ तास १६ मिनिटांत एक गिरकी घेतो. याहून फार जोरात फिरला तर विषुववृत्तावरचे दगड सुटून जातील. धाकटा भाऊ बहुधा अशाच सुटलेल्या मालातून जमला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. एका फेरीच्या वेळेवरून माणूस दगडाच्या पोटात डोकावतो तो असा.

२७ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजत आले होते तेव्हा, नासाचं डार्ट हे यान डायमॉर्फॉसवर मुद्दाम आदळवलं गेलं. वजन ५८० किलोच्या आसपास, वेग सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त. एखादा लघुग्रह पृथ्वीवर येणार असलाच तर त्याला ढकलता येईल का, ही चाचणी. त्यासाठी जोडी निवडण्यातच शहाणपण होतं. सूर्याभोवतीच्या वेगातला बारीकसा बदल मोजायला वर्षं लागली असती. डायमॉर्फॉस मात्र मोठ्या भावाभोवती सेकंदाला जेमतेम १७ सेंटिमीटर या वेगाने फिरतो, रांगणाऱ्या बाळासारखा. त्याला बसलेला धक्का लगेच घड्याळात दिसतो. फेरी ७३ सेकंदांनी जरी बदलली तरी मोहीम यशस्वी धरायची होती. बदलली ३३ मिनिटांनी. वेगातला प्रत्यक्ष फरक सेकंदाला तीन मिलिमीटरही नाही. वेळ घटली तेव्हा तिसऱ्या नियमाने अंतरही घटायला हवं, सुमारे ३५ ते ४० मीटर. हे सगळं मोजलं कसं? पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून, तो ठिपका कधी मंदावतो याची वेळ लावून. जवळून पाहणी करायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. धाकट्याचं वजन आजवर घनता गृहीत धरून काढलेलं आहे, ते हेरा नेमकं मोजणार आहे.

पुन्हा केपलरकडे. तिसरा नियम सापडला तेव्हा त्याच्या आईवर चेटकिणीचा आरोप होऊन तीन वर्षं झाली होती. लेओनबेर्गमधल्या एका बाईने तक्रार केली की काथारीनाने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो. मग गावाला एकेक गोष्टी आठवू लागल्या. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला अटक झाली, साखळदंड घालून ठेवलं. त्या काळात अशा खटल्यांतून स्त्रिया सहसा जिवंत सुटत नसत. राजगणिती असलेला मुलगा लिंझचं बिऱ्हाड सोडून तिकडे गेला आणि त्याने बचाव हातात घेतला. ज्या पद्धतीने त्याने मंगळाच्या नोंदी तपासल्या त्याच पद्धतीने साक्षी तपासल्या. कोण कधी आजारी पडलं, त्या आजाराचं साधं कारण काय असू शकतं, आधीची साक्ष आणि नंतरची साक्ष यात काय बदललं. शेवटी न्यायालयाने आईला छळाची हत्यारं दाखवून घाबरवायचं ठरवलं. ती डगमगली नाही. १४ महिन्यांनी, ऑक्टोबर १६२१ मध्ये सुटली आणि सहा महिन्यांत वारली. आकाशाच्या अभ्यासकांत केपलर मोठा आहेच, पण मला तो या कोर्टात जास्त मोठा दिसतो.

कोष्टकांचं काम राहिलंच होतं. आता हाताशी लॉगॅरिथम आले होते, केपलरने ते पारखून घेतले आणि वापरले. १६२६ मध्ये लिंझला बंडखोर शेतकऱ्यांचा वेढा पडला, त्यात छापखाना जळाला. हस्तलिखित वाचलं. तो बाडबिस्तरा घेऊन उल्म शहरी गेला, आणि १६२७ मध्ये ही रुडॉल्फाइन कोष्टकं छापून आली. मुखपृष्ठावर टायकोंना मानाची जागा दिली होती. त्यांना दिलेला शब्द २६ वर्षांनी पुरा झाला. या कोष्टकांवरून केपलरने जाहीर केलं की ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल.

१६३० च्या शरद ऋतूत थकलेल्या पगाराची खटपट करायला तो घोड्यावरून रेगेन्सबुर्गला निघाला. खजिन्याकडे त्याचे हजारो फ्लोरिन येणे होते. तिथे ताप भरला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी तो वारला. पैसे मिळाले नव्हते. गावाबाहेरच्या दफनभूमीत पुरलं, पण काही वर्षांतच युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि कबरीचा मागमूस राहिला नाही.

पुढच्या वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पिएर गासेंदी यांनी अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली. सकाळी ढग होते. मग ऊन आलं, आणि सूर्यबिंबावर एक बारीक काळा ठिपका दिसला. इतका बारीक, की आधी त्यांना तो सौरडागच वाटला. पण ठिपका सरकत होता.